पाहणी

अर्ज क्रमांक आठ. शाईने भरावा.
भरते मी, सांगतो आर्विड कोस्केला,
फिरत्या यंत्रांवर आवाज चढवून,
कारण नाणी टाकून कपडे धुण्याचं हे दुकान माझं
आणि वरची खोली अठ्ठावीस वर्षं त्याची.

अपंगत्वाचा प्रकार?
"डोळे. दोन्ही.
खनिजाच्या धक्क्यावर गेले,
पण ते त्यांनी विचारलेलं नाही."

घटनेचा दिनांक?
"लिही, रोज."
रोज हा दिनांक नाही, मी म्हणते.
मग आम्ही सतरा ऑक्टोबर लिहितो,
चौकातला पक्षी मुका झाला तो दिवस.

पक्षी म्हणजे सिग्नलच्या खांबावरची डबी.
सरोवराकडे उतरायला वाट मिळाली की कुक्कू,
आडव्या रस्त्याला मिळाली की चिवचिव.
एवढ्या दोन पाखरांच्या भरवशावर
हा माणूस चार पदरी रस्ता ओलांडून पाव आणायचा.

घटनेचे वर्णन, तीन ओळींत.
डुलूथमध्ये बर्फ पडला
की गाड्यांचे टायर लोकरीचे होतात,
हे तीन ओळींत कसं बसवायचं?
शिवाय पदपथाच्या उतारावर लोटून ठेवलेला ढीग,
काठीला भिंतीसारखा लागणारा.
मी समासात लिहिते, मग पाठीमागे,
मग ड्रायरच्या पावतीवर. टाचणी लावते.

सात आठवड्यांनी उत्तर आलं.
छापील, बारीक अक्षरात. अर्थात.
मी वाचून दाखवलं:
आपल्या तक्रारीची दखल घेण्यात आली.
कर्मचाऱ्याने समक्ष पाहणी केली.
दिवा चालू आहे.
प्रकरण निकाली.

त्यानं कागद बोटांनी चाचपला,
कुठे काही उठून आलंय का बघत.
"पाहणी," तो म्हणाला.
"पाहायला कुणी सांगितलं होतं?"

खरं काय ते खिडकीपलीकडच्या मिसेस ब्रेडसननं सांगितलं,
आवाज अगदी खाली आणून.
कोपऱ्यावरच्या हॉटेलातल्या पाहुण्यांना झोप लागत नव्हती.
त्यांचाही अर्ज. तोच, क्रमांक आठ.
तीन दिवसांत वायर काढली.

मी कानाडोळा म्हणणार होते याला,
पण हॉटेलचं तर त्यांना नीट ऐकू आलं होतं.
आर्विडकडे कानाचाच डोळा,
तोच मिटला त्यांनी.

दुसरा अर्ज. भेदभावाचे कारण, खूण करा:
वर्ण, धर्म, लिंग, वय, अपंगत्व, इतर.
दोन ठिकाणी खूण करायला लावली त्यानं.
इतरपुढे लिहायला सांगितलं,
दुसऱ्यांची झोप.

मार्चमध्ये सुनावणी.
सध्या रस्ता कसा ओलांडता, साहेबांनी विचारलं.
"कुणी निघालं की त्याच्या मागोमाग.
परवा ज्याच्या मागे निघालो
तो प्यायलेला होता."
कुणीतरी खोकलं. टंकलेखिकेनं मात्र
तेसुद्धा टिपून घेतलं.

आणि एप्रिलमध्ये, एका मंगळवारी,
मी ओला टॉवेल पिळत असताना, कुक्कू.
तशीच धावत बाहेर गेले.
आर्विड कडेला उभा, टोपी कानांवरून मागे सारलेली.
पाऊल काही उचलेना.
एक फेरी ऐकली. दुसरी ऐकली.
मी म्हटलं, जा की!
"गाड्या कुठून चालल्यात?" त्यानं विचारलं.
मी बघितलं.
कुक्कू होत होतं आणि समोरून,
सरोवराच्या रस्त्यावर आडवा,
दूधवाल्याचा ट्रक भरधाव जात होता.

"पाखरं उलटी बसवलीयत," तो म्हणाला.
वायरमन केव्हाच गेला होता, काम पूर्ण म्हणून सही करून.
त्यानंही पाहणी केली असणार.

आत येऊन सहा नंबरच्या यंत्राशेजारी बसला.
मी खण उघडला.
कोरे अर्ज आता गठ्ठ्यानं आणून ठेवते,
साबणाच्या पुड्यांना लागून,
त्यामुळे त्यांना लिंबाचा वास येतो.

नाव लिहिलं. पत्ता. डोळे, दोन्ही.
घटनेचा दिनांक?
"आज," तो म्हणाला.
"आज हा तरी दिनांक आहे ना?"