मापवही

छाती अडतीस, कंबर तीस, कॉलर पंधरा.
डावा खांदा अर्धा इंच खाली.
एकोणीसशे एकोणसाठचा नोव्हेंबर, डंडी,
नाटक कंपनीच्या कपडेपटाची खोली,
आणि ग्रीनकच्या गोदीत रिव्हेटांच्या बादल्या वाहून
एका बाजूला कललेला लॅकलन रेनविक.
"हात कुठे ठेवू?" त्यानं विचारलं.
रोमन शिपायाच्या झग्याला खिसे कुठून असणार?
मी भाला दिला. तो मोकळा झाला.

अस्तराखाली लोकर भरून मी त्याला सरळ केलं.
मधली लंडनची वर्षं सोडली तर
पुढे जन्मभर करत राहिले.
पोस्टमन, तीन पाद्री, एक खाटीक,
वकील नव्हे, वकिलाचा कारकून,
राजाकडे निरोप आणणारा
(निरोप नेहमी वाईटच, म्हणून दुसऱ्या अंकात मारला जाणारा).
त्याचे संवाद सिगारेटच्या पाकिटामागे मावत.

लंडनला गेला तेव्हा आठवड्याला एक गिनी मोजून
एका बाईंकडून तोंडातला स्कॉटलंड काढून घेतला.
मग कामं आली ती सगळी स्कॉच सार्जंटांची.
"अजून जरा स्कॉच," दिग्दर्शक म्हणायचा,
आणि हा स्वतःच्या बापाची नक्कल करायचा,
रोजावर.

एका सिनेमात त्याला लांबलचक स्वगत होतं.
ग्रीनकला आईला घेऊन गेला, पुढच्या रांगेत, नवा कोट.
स्वगत कापलेलं.
दाराच्या कडेला त्याचं कोपर तेवढं राहिलेलं.
बाहेर छत्री उघडत ती म्हणाली,
"कोपर छान वठवलंस, लॅकी."
हे तो सांगायचा तेव्हा सगळे हसायचे.
मी आधी तोंडातल्या टाचण्या काढून ठेवायची.

मासळीच्या दुकानात लोक थांबवत:
"आपण कुठे भेटलोय? माझ्या मेव्हणीच्या लग्नात?"
तो म्हणायचा, "हो. केक उत्तम होता."

चौऱ्याहत्तर साल, बुधवारचा दुपारचा खेळ,
टे नदीवरून बर्फ येत होता.
मुख्य नटाचा घसा बसला.
तिसरी घंटा झाली तेव्हा मी अजून
राजाचा अंगरखा लॅकलनच्या पाठीवर टाचत होते.
समोर एकेचाळीस माणसं, ओल्या कोटांसकट.
शेवटच्या प्रवेशात त्यानं मुकुट काढला,
मांडीवर ठेवला,
पाळी संपवून आलेला माणूस टोपी ठेवतो तसा,
आणि बराच वेळ काही बोललाच नाही.
संहितेत असं नव्हतं.
एकही कोट खोकला नाही.

संध्याकाळी मुख्य नट मध चाटून परत आला.
मी टाके उसवले.
वहीत त्या तारखेला नुसतं लिहिलंय:
अंगरखा, तात्पुरता.

परवा एफीचा फोन, त्याच्या बहिणीचा:
"पेपरवाल्यांनी घोळ घातलाय. नाव आपल्या लॅकीचं,
फोटो भलत्याच म्हाताऱ्याचा."
मी भिंग घेतलं.
दाढी, नाकावर चामखीळ, एका डोळ्यावर पट्टी.
माझीही खात्री होईना.
मग डाव्या बाहीची शिवण दिसली, किंचित फुगीर.
त्या वर्षी लोकर जरा जास्तच भरली होती मी.
"तोच आहे," म्हटलं.
"नाही गं," ती म्हणाली, "मी सख्खी बहीण."