वर्दी देणार

तासगावच्या तहसीलात रेकॉर्ड रूम मागच्या अंगाला,
सायकल स्टँड ओलांडून.
अर्जाला दहाचा कोर्ट फी स्टॅम्प.
कारण : पुतणीची जातपडताळणी.
मयताचे नाव : येसू कोम बाळा सुतार.
मृत्यू दिनांक.
इथं मी अडलो.
दिवाळीचा पाडवा, सन १९१८, असं लिहिलं.
शिंगाडे मॅडम म्हणाल्या, तारीख घाला, सण नको.

तारीख कुणालाच ठाऊक नव्हती.
आमच्यात पाडव्याला ओवाळत नाहीत,
एवढंच काय ते आमच्या घरचं दप्तर.

तिसऱ्या खेपेला बाड सापडलं, लाल खारव्यात बांधलेलं.
पुठ्ठ्यावर जिल्हा सातारा,
सांगली तेव्हा संस्थान होतं
आणि आमचं गाव इंग्रजाचं.
नाकाला रुमाल बांधून मॅडमनी एकेक पान
तव्यावरची भाकरी उलटावी तसं उलटलं.

मोडी मला येत नाही.
इलाही मुल्ला सरांना येते.
मिरजेहून एसटीनं येतात, ओळीला वीस रुपये,
भिंग दोऱ्यानं गळ्यात.
कागदाला बोट न टेकवता वाचतात :
सोनी कोम धोंडी. वय तीस. ताप.
मुलगी, नाव नाही, दीड महिना. ताप.
राघू बिन सटवा. ताप.
लोक मानमोडी म्हणायचे, सर म्हणाले,
रकान्यात एवढं मावत नाही.

शेवटच्या रकान्यात मात्र एकच माणूस.
वर्दी देणार : भिवा कोतवाल.
वर्दी देणार : भिवा कोतवाल.
सर मग नुसतं 'भिवा' म्हणू लागले,
पुढं तेही नाही, फक्त मान हलवायची.

ऑक्टोबर भरून वाहिला.
हात बघा, सर म्हणाले, काय वळण आहे,
एवढ्या घाईतसुद्धा ओळ वाकडी नाही.
एक नोव्हेंबर. चार नावं.
त्याखालची ओळ, बारा नोव्हेंबर.
मध्ये बोटभरही जागा सोडलेली नाही.

सरांनी भिंग सदऱ्याला पुसलं.
अक्षर बदललंय.
हा दुसरा कुणीतरी, कच्चा, टाक दाबून लिहिणारा.
आणि त्याची पहिलीच नोंद :
अनंत नारायण. वय सव्वीस. कुलकर्णी. ताप.
वर्दी देणार : भिवा कोतवाल.

पाडवा त्या मधल्याच दिवसांत कुठंतरी.

मी भिवाचा विचार करत राहिलो.
रोज सकाळी आळीआळीतनं नावं गोळा करून
तो त्या दारात, पायरीच्या खाली उभा राहत असणार.
आतनं कण्हणं ऐकू येत असणार.
सुताराची येसू त्यानं बोटाच्या पेरावर धरली असणार,
लिहिता येत नव्हतं, येऊ दिलं नव्हतं.
पेरं असून असून किती असतात माणसाला?
बारा तारखेला नवा माणूस चौपाळ्यावर बसला
तेव्हा भिवानं आधी सांगितलं ते त्या घरातलंच मरण.
मागची सांगितली का,
की नवा म्हणाला, झालं ते झालं, आजचं बोल,
याला रकाना नाही.

मॅडमनी दाखला टाईप केला.
सदर नोंद आढळून येत नाही. गोल शिक्का, तिरकी सही.
याचा पुतणीला उपयोग नाही, म्हणाल्या,
आजोबांचा शाळेचा उतारा बघा कुठं मिळतो का.
मी विचारलं, त्या कुलकर्ण्यांच्या नोंदीची नक्कल मिळेल?
वेगळा अर्ज करा.
अर्जात एक ओळ होती, मयताशी नाते.
पेन उघडं धरून मी बराच वेळ बसलो,
मग टोपण लावलं.

स्टँडवर सरांचे पैसे मोजले.
सत्तेचाळीस ओळी झाल्या होत्या.
त्यांनी वीसची एक नोट काढून परत माझ्या हातात दिली.
शेवटची धरू नका, म्हणाले,
आणि मिरज गाडी लागली.