रिकाम्या

मी पीत नाही.
मी रिकाम्या मोजतो.
डिचोलीहून अंधारात टेंपो काढायचा,
बोरीचा पूल उजाडायच्या आत ओलांडायचा,
आणि असोळण्याला केरोबिनाबाईच्या बारच्या दारात
गाडीची पाठ लावून उभं राहायचं.
क्रेटमध्ये बारा घरं.
बारा परत आल्या पाहिजेत.

पिणारा मला कधी दिसत नाही, बाटली दिसते.
लेबल नखानं सोललेलं असलं, तर तो एकटा होता.
आत थोटूक असलं, तर तिघे होते
आणि त्यातला एक रागावलेला.
लाल लेबलाची, स्ट्राँग, तळाला थेंब नसलेली,
ती नव्या बांधकामावरच्या पोरांची.
ती बसत नाहीत. थंड आहे का विचारत नाहीत.
हजेरीतले किती गेले, किती चढली,
हा हिशेब उभ्याउभ्या,
चार घोटांत.

बाकड्यावर इनास असतो.
बावीस वर्षं तारवटी. गुडघे उतरले बोटीवरून,
जीभ अजून तिथंच.
"बेल्जियममध्ये," तो म्हणतो, "असली कडक बियर
मठातले पाद्री करतात, देवाच्या छपराखाली.
पेला देठाचा, मिसाला धरतात तसला.
एका पेल्यावर म्हातारे अख्खी दुपार काढतात.
जर्मनीत ती उपासाची. पातळ पाव म्हणतात तिला, पाव!
ओस्लोत मात्र सरकारी दुकान, शनिवारी लवकर कुलूप,
आणि गल्ल्यावरची बाई अशी बघते
जणू तू तिच्या आजारी आईचं औषध न्यायला आलास.
एका इंग्रजानं मला शेगडीपाशी एवढीशी पाजली,
खोकल्याचं औषध देतात तेवढी,
वर म्हणाला, बियर म्हणू नकोस, ही जवाची वाइन.
आणि आखातात? बंदराला लागलो की कस्टमवाला चढायचा,
बियरच्या कपाटाला सील ठोकायचा.
बाटल्या त्याच, आम्ही तेच.
बारा मैल बाहेर पडलो की पाप संपलं."

"आणि आपल्याकडे?" मी विचारलं.

इनासनं केरोबिनाबाईकडे बघितलं.
ती कधीची काउंटरचा तेवढाच हातभर तुकडा पुसत होती.
"मला देशबीश ठाऊक नाही," ती म्हणाली.
"सहानंतर स्ट्राँग मागितली की मी गाडीची चावी मागते.
तांदळाच्या डब्यात टाकते.
निघताना हात घालून आपली आपण शोधायची.
सापडली, तर जा.
नाही सापडली, तर चालत जा.
शिव्या देतात, पण चावी देतात.
एकदाच नव्हती मागितली."

पुढे बोलली नाही.
इनास गुडघा चोळत राहिला. चोळायचं काही नव्हतं.

शेवटच्या क्रेटमध्ये अकरा.
मागच्या महिन्यातही अकराच होत्या.
"एक कमी आहे, बाई."
"डिपॉझिटातून काप," ती म्हणाली, क्रेटकडे न बघता.

मोठ्या रस्त्यावर पाइप घालत होते,
म्हणून परतताना बांधावरून गेलो.
मानशीपाशी, जिथं रस्ता वळतो
आणि पाणी सरळ जातं,
सिमेंटचा हातभर खुरीस, चुना ताजा.
पायाशी बाटली.
लेबल धुऊन काढलेलं,
गोंदाची चौकट तेवढी काचेवर राहिलेली.
आत अबोलीचा एक घोस, पाणी स्वच्छ.
आमचीच होती. क्रेटला घासून घासून
कमरेला पडलेला पांढरा पट्टा मी कुठंही ओळखीन.
भोवती गवतात तपकिरी काचा,
नव्या, जुन्या.
गुरं पाडत असतील. नाहीतर वारा.

इंजिन चालूच ठेवून बसलो थोडा.
मग वही काढली.
वहीत देशाचा रकाना नाही, टक्क्यांचा नाही.
भरल्या, रिकाम्या, फुटल्या, एवढंच विचारते ती.

असोळणा. केरोबिना बार.
शेवटच्या क्रेटच्या ओळीत लिहिलं:
रिकाम्या, अकरा.
फुटली, एक.