चीक

घणसोलीच्या माथाडी वसाहतीत, तळमजल्यावर,
लीलाकाकू शेलार गहू भिजत घालतात
ते जिन्यातच कळतं.
पहिल्या दिवशी ओल्या पोत्याचा वास,
दुसऱ्या दिवशी ताकाचा,
तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरचे नायर
सभ्यपणे खिडकी लावून घेतात.

लोकवनच लागतो त्यांना.
नवऱ्यानं एकतीस वर्षं वाशीच्या बाजारात पाठीवर वाहिलेला.
"पोत्यावर नुसता हात ठेवून सांगायचे,
ह्यात चीक किती,"
असं म्हणत काकू दोन दाणे दाताखाली फोडतात
आणि आता स्वतःच ठरवतात.

माझी नोकरी रबाळ्याला,
स्टार्चच्या कारखान्यात, तपासनीस.
मक्याचं, गव्हाचं, साबुकंदाचं,
सगळं पांढरं, सगळं मुकं,
चिमटीत दाबलं तर नव्या चपलेसारखं करकरणारं.
आयोडीनचा एक थेंब.
निळं-काळं झालं की मी सही करतो.
मग ते सॉसला दाट करतं, बिस्किटात शिरतं,
गोळीच्या पोटात औषध धरून बसतं.
कुणीतरी कुठेतरी रोज
माझी सही गिळत असतं.

काकूंकडे सही नाही, पातेलं आहे.
वाटलेला गहू पिळून, गाळून, पुन्हा पिळून
रात्रभर तसाच ठेवायचा.
हलवायचं नाही.
सकाळी वरचं पिवळट पाणी ओतलं
की खाली बसलेलं असतं
तीन दिवसांच्या धीराचं पांढरं वजन.
ते हिंग-मिठाच्या आधणात पडतं
आणि उलथनं जड होत जातं,
दूध होतं त्याची काच होते.

निमिषचं पोट तेव्हा नगाऱ्यासारखं,
हातपाय काटक्या.
वाशीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गहू बंद.
किती दिवस?
त्यांनी पेनाला टोपण लावलं.
पाच वर्षांच्या मुलाला
कायमचा हा शब्द
मी अजून सांगितलेला नाही.

काकू दारात. वाटीत गरम चीक,
मधोमध तूप, वर साखर.
"अहो, ह्यात गहू कुठाय?
कोंडा गेला, चिवट गेलं,
चोथ्याच्या भुसवड्या झाल्या, गच्चीवर वाळतायत.
हे नुसतं सत्त्व.
तापातून उठलेल्यालासुद्धा चालतं."

"सत्त्वातही थोडं चिवट उरतं, काकू.
डोळ्यांना दिसत नाही, इतकंच."

"मग टाका की तुमचं ते औषध, बघू निळं होतंय का."

"ते सत्त्वच ओळखतं फक्त.
चिवटासाठी त्याच्याकडे रंग नाही."

त्या वाटीकडे बघत राहिल्या.
तुपाच्या कडा थिजत आल्या.
आत निमिषच्या बसची चाकं भिंतीला धडकत होती,
जवळ येत होती.
मग काकूंनी उभ्या उभ्याच
चार चमच्यांत ती वाटी संपवली,
तो बाहेर यायच्या आत,
आणि पदरानं तोंड पुसून म्हणाल्या,
काय रे, जेवलास का?

दहा-बारा दिवसांनी जिन्यात
वेगळाच आंबूस वास.
गच्चीवर दोन प्लास्टिकं,
मध्ये सात विटांची हद्द.
इकडे गव्हाच्या कुरडया, नेहमीच्या, गिऱ्हाइकांच्या.
तिकडे तांदळाच्या,
वेड्यावाकड्या, जागोजागी तुटलेल्या,
हाताला सवय नसलेल्या.
"जुना सोऱ्या किती घासला तरी
चकतीच्या भोकांत काय काय बसलेलं असतं,"
काकू म्हणाल्या. मी काही बोललो नव्हतो.
नवा सोऱ्या कोपरखैरण्याहून आणलेला,
त्याच्या मुठीला लाल दोरा.

निमिष काठी घेऊन कावळ्यांवर पहारा देत होता
आणि स्वतःच अर्धवट वाळलेली एक मोडून खात होता.

एक तुकडा मी खिशात घातला.
दुसऱ्या दिवशी रबाळ्याला, जेवणाच्या सुट्टीत,
त्यावर थेंब टाकला.
निळं-काळं. तेच, तसंच.
सही करायला
कागद नव्हता.