तीन बोटं

"तीन बोटं उभी धरा, तोंडात घाला,"
डॉक्टर गांगुर्डे म्हणाल्या.
पहिलं गेलं. दुसरं दातांना घासत गेलं.
तिसरं बाहेरच राहिलं,
भोंग्यानंतर गेटवर आलेल्या कामगारासारखं.

तंबाखूला कधी शिवलो नाही, मी म्हणालो,
जरा आवाज चढवून. नुसती सुपारी.
"नुसती," त्यांनी लिहून घेतलं
आणि शब्दाखाली रेघ ओढली.

सातपूरची तिसरी पाळी. रात्री दोनला
प्रेसचा दणकासुद्धा अंगाईसारखा वाटतो.
माझ्या आधीच्या माणसाची दोन पेरं
त्या अंगाईनं नेली होती.
सुकदेव पगारेनं तळहातावर खांड ठेवलं:
चघळत राहा, झोप उडंल.
कान तापले. डिसेंबरात कपाळावर घाम.
छातीत दुसरी प्रेस सुरू, डोळे टक्क.
खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.
एकोणीस वर्षं. बोटं दहाच्या दहा शाबूत.
त्यातली तीन
आता माझ्याच तोंडात मावत नाहीत.

एकदा पुडी संपली, टपरी बंद.
चौरंगावर तांदळाच्या ढिगावर
हळदकुंकवाची सुपारी,
आदल्या संध्याकाळी गणपती म्हणून
हात जोडलेली. उत्तरपूजा व्हायची होती.
अडकित्त्यात धरली.
किडकी निघाली, तरी खाल्ली.
मंदाकिनीनं पाहिलं. बोलली नाही.
पुढच्या पूजेला तिथं हळकुंड.
गुरुजींनी विचारलं तर म्हणाली,
"हे कुणी खात नाही."

आधी मिसळ गेली.
तर्रीचा थेंब लागला की तोंडात निखारा.
मग शीळ. मग पोरीचा फुगा,
फुंकर गालातच अडकून राहिली.
आतून गाल पांढरे, दोऱ्या ताणल्यासारखे.
सुपारी लोक दुसऱ्याची देतात.
मी रोज दहा रुपये मोजून
माझीच देत होतो.

आता आइस्क्रीमच्या लाकडी काड्या,
एकावर एक, दातांच्या मध्ये,
दिवसातून पाच वेळा.
पूर्वीसारखं होणार नाही, बाईंनी आधीच सांगितलंय,
आणि दर तीन महिन्यांनी बॅटरी लावून
त्या आत काय शोधतात
ते मी विचारत नाही.
सोमवारी अकरा काड्या होत्या. आज बारावी
टोकापुरती गेली.

पाळी तीच आहे. दोनला तोंडावर पाणी मारतो.
पगारे पुडी पुढे करतो,
मी खिशातल्या काड्या दाखवतो.
तो हसतो.
मी बघत राहतो
त्याचं तोंड किती उघडतं.