मागची बाजू

खानापुरात, तहसीलसमोर, आमचं झेरॉक्सचं दुकान.
दुकान म्हणजे एक मशीन, एक स्टूल
आणि बिघडलेल्या कागदांचा गठ्ठा,
जो मी टाकू देत नाही.
कुणाचा शेताचा उतारा अर्धा काळा आलेला,
कुणाचं रेशनकार्ड तिरकं.
मागची बाजू मात्र कोरी असते.
लाईट गेली की तिथे मी काढत बसते:
पायरीवरची कोंबडी,
वकिलांची उभी केलेली छत्री,
शिक्का मारून मारून झोपलेला शिपाई.
कागद पातळ. पुढची कन्नड अक्षरं
मागे उमटतात, उलटी, गोल गोल,
कोंबडीच्या पोटात अंड्यांसारखी दिसतात.
राहू देते.

कॅमेरा नंतर आला.
बेळगावच्या कॅम्पात बदलीवर निघालेला एक हवालदार
सामान विकत होता. कूलर, सायकल, कुकर
आणि हा. चंदेरी, मुठीएवढा,
बॅटरीचं झाकण रबरबँडने बांधलेलं.
बाराशे म्हणाला, नऊशेला दिला.
घरी हे म्हणाले, मोबाईलात येत नाही काय फोटो?
येतो की.
पण मोबाईलवर मध्येच कुणाचा तरी फोन येतो.
ह्याच्यावर कुणाचाच येत नाही.

पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त फोटो
माझ्या बोटाचे.
मग कौलांच्या भट्टीचा धूर,
मलप्रभेच्या पुलावर वाळत घातलेलं कुणाचं तरी जाळं,
स्टेशनवरची पिवळी पाटी,
तीन लिप्यांत आमचं एकच गाव.
तिन्ही ओळी एकदम मावत नाहीत.
मागे सरकावं, तर फलाट संपतो.

कार्डात त्याचा एक फोटो राहून गेलाय.
एका बाईचा हात, काचेवर आल्यासारखा,
बोटं हललेली, हिरव्या बांगड्यांची नुसती रेघ.
बाकी काही नाही. पडदा असेल मागे.
पुसायचं बटण मला माहीत आहे.
तो हात मी चार वेळा कागदावर काढून पाहिला.
एकदाही कळलं नाही,
नको म्हणतोय, की इकडे दे म्हणतोय.

परवा मल्लव्वा आली, रताळ्यांची पाटी उतरवली,
कॅमेऱ्याकडे हनुवटी करून म्हणाली, "नंदू तगी."
चंदगडहून लग्न होऊन नवी आले होते तेव्हा
विचारलं असतं, कोण नंदू?
आता कळतं. माझाही काढ.
पण समोर धरला की ती
आधारकार्डावरचा चेहरा करायची.
तीनदा धरला, तीनदा तोच चेहरा, एकदा डोळे मिटलेले.
शेवटी कॅमेरा ठेवला, कागद घेतला.
पेन्सिल दिसली की माणसं आपल्या कामाला लागतात.
ती रताळ्यांवरची माती नखाने काढत राहिली,
मी तिचं नाक, मी तिचं कुंकू,
आणि डावा खांदा जरा खाली, पाटीमुळे तसाच राहिलेला.

बघितलं तिने. लांब धरून, जवळ धरून.
मग स्वतःच्या कानाला हात लावला.
"बुगडी राहिली," म्हणाली, मराठीत.
कानात नुसती भोकं होती.
काही विचारलं नाही मी.
दोन बुगड्या काढल्या, मोत्यांच्या, जरा मोठ्याच,
कॅमेऱ्याला काही हे जमलं नसतं.
तिने कागदाची चौघडी केली, चंचीत घातली.
मागच्या बाजूला कुणाची तरी
एक एकर सात गुंठे, अर्धी काळी.

जाताना टेबलावर दोन रताळी ठेवून गेली.
ती तिथेच असताना मी फोटो काढला.
हलला.
रताळी कुठे हलतात.
मीच हलले असेन.