चौदावा

महावितरणच्या बिलाच्या पाठीवर
ओजसने तेवीस सिनेमांची नावं लिहिली आहेत,
बाणांसकट.
काही बाण मागे वळतात. एक बाण
कागद संपला म्हणून थेट टेबलावर उतरलाय.
वृषाली म्हणते, ते आधी पूस.
तो म्हणतो, थांब, काकांना ठरवू दे.

काका म्हणजे मी.
लग्नाला सात महिने झाले, तेच नाव चालू आहे
आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नाही.

"दोन रस्ते आहेत," पेन्सिल कानावर ठेवून तो सांगतो.
"आले तसे बघायचे, की घडलं तसं?
घडलं तसं बघितलं तर आधी तो लढाईतला गरुडकवचवाला,
मग त्याची नात, आरशातून आरपार जाणारी,
पण मग सहाव्यातला धक्का फुकट जातो.
आले तसे बघितले तर धक्का बसतो,
पण पहिले तीन सिनेमे
तुम्हाला काही म्हणजे काही कळणार नाही.
चालेल?"

मी एकवीस वर्षं कोपरखैरण्यात टपाल वाटतोय.
न कळण्याची मला सवय आहे.
इथे एक सेक्टर संपला की पुढचा आकडा लागेलच असं नाही;
तो रस्ता ओलांडून, नाल्यापलीकडे,
भलत्याच आकड्याला बिलगून सापडतो.
पहिल्या वर्षी एका मनिऑर्डरीसाठी
दीड तास उन्हात फिरलो होतो,
आणि म्हातारी मागच्याच गल्लीत
उंबऱ्यावर बसून लसूण सोलत होती.
"एवढा उशीर?" म्हणाली.

"चौदावा लाव," मी म्हणालो.

"मधूनच?"
त्याने माझ्याकडे असं बघितलं
जसं मी आमटीत आइस्क्रीम मागितलंय.
"चौदाव्यात कोण कुणाचं कोण, हे
सगळ्यांना आधीच माहीत असतं, काका!"

असतंच.
मी या घरात आलो तेव्हा
फ्रिजवर गणपतीपुळ्याचं चुंबक होतं.
बाथरूमचं दार जरा उचलून लावायचं,
हे मला तिसऱ्या दिवशी कळलं.
"पिवळा टेम्पो" एवढं कुणी म्हटलं
की दोघंही पोट धरून हसतात;
तो टेम्पो कुठला, मी विचारलेलं नाही.
आणि कपाटाच्या वरच्या खणात एक हेल्मेट आहे.
कुणी घालत नाही,
पण त्याच्या काचेवर कधी धूळ दिसत नाही.

ओजसने पेन्सिलचं मागचं टोक चावलं,
बिल आडवं धरलं, उभं धरलं.
"ठीक आहे. चौदावा.
पण मी मध्ये थांबवून सांगणार."

रविवारी पडदे ओढून बसलो.
दर चार मिनिटांनी सिनेमा थांबत होता.
"हा तिचा भाऊ.
म्हणजे सख्खा नाही.
म्हणजे आता सख्ख्यासारखाच, पण
ते एकोणिसाव्यात कळतं.
मी बोललो नाही असं समजा."
समजलो.

शहर पडलं, शहर उभं राहिलं,
कुणीतरी ढगातून खाली आलं,
आणि पांढरी नावं वर सरकू लागली.
मी चष्मा काढला, चपला शोधल्या.
"बसा ना, काका. नावांनंतर अजून असतं."

नावं फार होती.
दिवे धरणारे, दोर ओढणारे,
कुणाचा तरी ड्रायव्हर, त्या ड्रायव्हरचा मदतनीस.
मी सवयीने एकेक वाचत गेलो,
जणू खाली पत्ताही दिलेला असेल.
वृषालीने आतून विचारलं, "संपला का रे?"
"नाही," आम्ही एकदमच म्हणालो.

मग दहा-बारा सेकंद काहीतरी आलं.
एक दार. दारावर एक हात.
मला काही कळलं नाही,
ओजस मात्र उशी छातीशी धरून
सोफ्यावर उभाच राहिला.

नंतर त्याने चौदाच्या पुढे टिक केली
आणि बिल उलटून माझ्या हातात दिलं.
भरायची तारीख परवाच होऊन गेली होती.